मोर्चात लाल झेंडा, मतपेटीत दुसराच

गिरणगावावरच्या, म्हणजे मुंबईतील कापडगिरण्यांच्या वस्तीवरच्या, मागील अंकातील लेखात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो की, डाव्या पक्षांना कामगारांचा मोर्चा मिळतो, मत मिळत नाही. त्या एका वाक्यावर लेखापेक्षा जास्त पत्रे आली. काहींना ते कुत्सित वाटले, काहींना अपुरे वाटले. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील चाळीस वर्षे गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते आणि अखेरपर्यंत लाल बावट्याचे सभासद होते. आमच्या चाळीत मात्र १९७० नंतर एकेक घर शिवसेनेकडे गेले. कॉम्रेड डांगे यांच्या तोडीचा दुसरा नेता मिळाला असता, तर हा मतदार परत आला असता का? (निवृत्त शिक्षक, काळाचौकी)

उत्तर : मतदार एकदा गेला आणि गेला तो गेलाच, असे आपण धरून चालला आहात; निवडणुकांचे निकाल मात्र तसे सांगत नाहीत. १९५७ मध्ये कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी मिरजकर मुंबईचे महापौर झाले. तेव्हा गिरणगावाने दिलेले मत लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे जितके होते, तितकेच संयुक्त महाराष्ट्राचेही होते. राज्य झाले, संयुक्त महाराष्ट्र समितीचे प्रयोजन संपले आणि १९६२ च्या लोकसभेत डांगे नव्हते. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. शिवसेना स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. १९७० मध्ये परळची विधानसभेची जागा गेली. १९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे यांनी काँग्रेसचे रामराव आदिक यांना हरवले, आणि आदिकांना शिवसेनेचा पाठिंबा होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या निकालाचे वजन कळते. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीचा मतदार सतरा वर्षांत दोनदा गेला आणि दोनदा परत आला. तेव्हा तो येत असे, एवढे तरी मान्य करावे लागते. खरा प्रश्न तो कशासाठी येत असे आणि का टिकत नसे, हा आहे.

तो परत येत असे ते एखाद्या चालू लढ्यासाठी. १९७४ चेच पाहा. महागाईने कहर केला होता, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, गिरण्यांमध्ये संपाचे वातावरण होते, आणि दलित पँथरने त्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार घोषित केल्यामुळे काँग्रेसची हक्काची मानलेली दलित वस्तीतील मते हलली होती. वरळीच्या बीडीडी चाळींत त्याच दिवसांत दंगल झाली. अशा वेळी मतदार लाल झेंड्याकडे वळला तो त्या क्षणी त्याच्या बाजूने उभे राहणारे दुसरे कोणी दिसत नव्हते म्हणून. लढा ओसरला की हे कारणही ओसरत असे.

मधल्या शांत दिवसांत कामगाराला काय लागत असे, हे आपण चाळीत वाढलात म्हणून आपल्याला सांगायला नको. दहा बाय बाराच्या खोलीत दिवसपाळीची माणसे उठली की रातपाळीची त्याच वळकट्यांवर आडवी होत. नळाला पाणी येत नसे, संडास तुंबत, पोराचे नाव शाळेत घालायचे असे, मयताला गाडी लागे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप ज्यांनी चालवला, त्या पिढीच्या कार्यकर्त्यांची ऊठबस चाळीत, खानावळीत आणि गिरणीच्या दारात एकाच वेळी होती, त्यामुळे युनियनचा माणूस आणि गल्लीतला माणूस असे दोन निरनिराळे इसम नव्हते. पुढे युनियनचे काम कोर्टकचेरीचे झाले. परळच्या दळवी बिल्डिंगमधील कचेरीत कामगार प्रकरण घेऊन जाई, तिथे त्याला कायद्याचे कलम समजावून सांगितले जाई, आणि संडास तुंबल्याची तक्रार तिथे करायची असते असे त्याच्या मनातही येत नसे. शिवसेनेच्या शाखेच्या टेबलावर मात्र ती तक्रार करता येत होती. शिवसेनेने १९६७ च्या डिसेंबरात त्याच दळवी बिल्डिंगवर हल्ला केला, याची आठवण जुनी माणसे संतापाने काढतात आणि तो संताप योग्यच आहे. पण कचेरी फोडल्याने माणसे तुटली, हे स्पष्टीकरण मला कधी पुरेसे वाटले नाही.

कृष्णा देसाई यांना ही गोष्ट कळली होती, असे माझे मत आहे. ते परळचे कम्युनिस्ट आमदार होते, त्याआधी नगरसेवक होते, आणि लोकसेवा दल काढून त्यांनी गल्लीतली तरणी पोरे हाताशी धरली होती. शाखेला शाखेच्याच मैदानावर उत्तर देऊ पाहणारा तो बहुधा एकमेव डावा नेता असावा. ५ जून १९७० च्या रात्री लालबागच्या तावरीपाड्यात त्यांचा खून झाला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली, पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक १,६७९ मतांनी निवडून येऊन शिवसेनेचे पहिले आमदार झाले. हा आकडा मी मुद्दाम देतो आहे. ज्या मतदारसंघात आमदाराचा खून झाला, त्याच मतदारसंघाने चार महिन्यांत विरोधी पक्षाला कौल दिला याचे आश्चर्य सगळेच करतात. परंतु इतक्या दहशतीत आणि इतक्या प्रचारातही जवळजवळ निम्मा परळ विधवेच्या मागे उभा राहिला, हे कोणी सांगत नाही. मतदार त्या दिवशी संपलेला नव्हता. संपली होती ती त्याला रोज भेटणारी व्यवस्था, कारण तिची जबाबदारी एका माणसावर होती आणि तो माणूस गेला होता.

आणखी एक गोष्ट. माझे मामा साचाखात्यात होते. ते वारल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा गिरणी कामगार युनियनच्या वर्गणीच्या पावत्या रबरबँड लावून ठेवलेल्या निघाल्या आणि त्यांच्याच खाली मामेभावाचे शाखेचे सदस्यत्वाचे कार्ड होते. दोन्ही जपून ठेवणारा माणूस एकच. मामांना बोनस हवा होता, मामेभावाला नोकरी हवी होती. आणि तीही गिरणीतली नको होती, कारण मॅट्रिक झालेल्या पोराला बापाने स्वतःच सांगितले होते की, कापसाच्या धुळीत येऊ नकोस. त्याला बँकेत, विमा कंपनीत, विमानतळावर चिकटायचे होते. या पोराच्या प्रश्नाला शिवसेनेने दिलेले उत्तर मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही, कारण त्यात एका गरिबाच्या ताटातले काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात वाढण्याची भाषा होती. पण ते उत्तर तरी होते. डाव्यांकडे त्या पोराला द्यायला वर्गीय एकजुटीचा सिद्धान्त होता आणि अर्ज कुठे करायचा याचा पत्ता नव्हता. आपल्या चाळीतली घरे एकेक करून गेली असे आपण लिहिता. मला वाटते बरीच घरे आधी आतून दोन झाली, आणि बाप निवृत्त होऊन गावी गेल्यावर मुलाचे मत तेवढे शिल्लक राहिले.

नेत्याच्या प्रश्नाकडे येतो. डांगे यांच्यासारखे वक्तृत्व फार थोड्यांकडे होते. कामगारांच्या सभेत ते महाभारतातले दाखले देत आणि माणसे तासन् तास ऐकत. तरी कम्युनिस्ट पक्षातील १९६४ ची फूट त्यांना टाळता आली नाही आणि पुढे आणीबाणीला त्यांच्या पक्षाने पाठिंबा दिला, त्याची किंमत गिरणगावातही मोजावी लागली. शिवाय वक्तृत्वाने न उघडणारे एक कुलूप होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड गिरण्यांसाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य केली होती. ते स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते, आणि कोणती युनियन प्रातिनिधिक हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरत नसून सभासदसंख्येच्या कागदोपत्री तपासणीने ठरत होते. मालकाशी करार करण्याचा अधिकारच ज्या युनियनला नाही, तिचा नेता कितीही मोठा असला तरी पगाराच्या पाकिटात त्याला काही घालता येत नाही. म्हणून डांगे यांच्या तोडीचा दुसरा नेता मिळाला असता तर एखादी निवडणूक जिंकली असती, हे मी मान्य करतो. चाळ परत आली असती असे मला वाटत नाही.

प्रश्न : असे असेल तर १९८४ मध्ये डॉ. दत्ता सामंत कसे निवडून आले? ते डावे होते का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : रूढ अर्थाने नव्हते. ते काँग्रेसचे आमदार राहिलेले होते, कोणत्याही कम्युनिस्ट पक्षात नव्हते, आणि मार्क्सवादी परिभाषा त्यांच्या भाषणात शोधून सापडली नसती. कामगारांनी त्यांना निवडले ते इंजिनीअरिंग कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेले पगारवाढीचे करार पाहून. १९८१ च्या दिवाळीतील बोनसवरून गिरण्या धुमसू लागल्या, तेव्हा कामगारच घाटकोपरला त्यांच्या घरी जाऊन बसले आणि नेतृत्व करा म्हणाले. १८ जानेवारी १९८२ ला साठच्या आसपास गिरण्यांतील अडीच लाख कामगार संपावर गेले. वर सांगितलेला कायदा रद्द करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विझत गेला.

आपल्या प्रश्नाचे उत्तर दोन तारखांत आहे. १९८४ च्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, दक्षिण मध्य मुंबईने हरलेल्या संपाच्या नेत्याला अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवले. त्यानंतर काही महिन्यांतच झालेल्या महापालिका निवडणुकीत याच गिरणगावासह मुंबईने पालिका शिवसेनेच्या हाती दिली. मतदार गोंधळलेला होता असे म्हणणाऱ्यांनी त्याची कामवाटणी नीट पाहिलेली नाही. संपाचे गाऱ्हाणे दिल्लीत मांडायला डॉक्टर, आणि नळाचे पाणी आणायला शाखाप्रमुख, असा त्याचा हिशेब होता. १९८९ मध्ये लोकसभेची तीच जागा वामनराव महाडिक यांच्याकडे गेली, म्हणजे १९७० मध्ये परळ जिंकणारी तीच व्यक्ती. तोवर पुष्कळ गिरण्यांचे भोंगे बंद झाले होते, बदली कामगार कोकणात किंवा घाटावर परतले होते, आणि साचेवाला म्हणून मत देणारा माणूसच मतदारयादीत उरला नव्हता. गेलेल्या गिरणीचा कामगार हा पुढे घरांच्या सोडतीचा अर्जदार झाला, आणि अर्जदार सत्तेवर असेल त्याच्या दारात जातो.

प्रश्न : माझी आई विड्या वळायची. आडम मास्तरांच्या युनियनमुळे आम्हाला कुंभारीला घर मिळाले. गरिबांसाठी एवढे काम महाराष्ट्रात दुसऱ्या कोणत्या आमदाराने केले? तरी सोलापूरने त्यांना पुन्हा पुन्हा पाडले. लोक कृतघ्न असतात का? (एक भगिनी, सोलापूर)

उत्तर : आपला राग मी समजू शकतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ अशा तीन वेळा विधानसभेवर निवडून गेले. कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत त्यांच्या पाठपुराव्याने उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. त्यानंतर रे नगर ही तीस हजार घरांची योजना आली आणि तिच्यातील पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिल्या. दोन परस्परविरोधी सरकारांकडून आपल्या कामगारांसाठी घरे काढून घेणारा नेता, हे कर्तृत्व असामान्य आहे. आणि तरीही २००९, २०१४, २०१९ व २०२४ अशा लागोपाठ चार निवडणुकांत ते शहर मध्य मतदारसंघातून हरले.

कृतघ्नता हा शब्द मी वापरणार नाही; त्यामागे मत म्हणजे घराची किंमत अशी समजूत आहे, आणि आपल्या आईने ते घर दान म्हणून घेतलेले नाही. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची कपात, पानांचा तुटवडा, या सगळ्यांतून वर्षानुवर्षे वर्गणी भरून आणि मोर्चे काढून तिने ते मिळवले आहे.

एक साधी गोष्ट मात्र चर्चेत राहून जाते. कुंभारी शहरात नाही. ती दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. ज्या कामगार स्त्रीला घर मिळाले आणि जिने तिथे राहायला जाऊन मतदारयादीतले नावही हलवले, ती मास्तरांच्या मतदारसंघातून बाहेर पडली. शहरात स्वस्त जमीन नव्हती, म्हणून वसाहत बाहेर झाली. त्यात कोणाचा डाव नव्हता. पण एखाद्या नेत्याने आपल्या सर्वांत खंबीर मतदारांना स्वतःच्या हाताने सीमेपलीकडे नेऊन वसवावे, असा प्रकार क्वचितच पाहायला मिळतो. २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, तीही अडचण झालीच.

जे शहरातच राहिले त्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो अधिक अवघड आहे. विडी कारखान्यात पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातली, आणि मुस्लिम बाई शेजारी शेजारी विड्यांचा हिशेब देते. यंत्रमागावर त्यांचे नवरेही तसेच काम करतात. मजुरीच्या सभेत या दोघी एक असतात. संध्याकाळी दोघी आपापल्या मोहल्ल्यात आणि पेठेत परततात, आणि निवडणूक त्या मोहल्ल्यात होते, कारखान्यात होत नाही. २०१४ पासूनच्या तिन्ही निवडणुकांत शहर मध्यमध्ये दुसऱ्या क्रमांकावर एमआयएमचा उमेदवार आहे आणि २०२४ मध्ये जागा भाजपकडे गेली. मास्तरांची जुनी मते या दोन टोकांकडे ओढली गेली. घराच्या प्रश्नावर एकत्र आलेली माणसे, घर मिळाल्यावर, म्हणजे तो प्रश्न सुटल्यावर, पुन्हा आपापल्या ओळखीकडे गेली, असेही यावर म्हणता येईल. तसे असेल तर यशानेच मतदार गमावला, आणि यावर काय उपाय सांगावा हे मला सुचत नाही.

मास्तरांच्या पक्षाचेही थोडे चुकले असे मी म्हणेन. २०१९ च्या जानेवारीत रे नगरच्या पायाभरणीला त्यांनी पंतप्रधानांचे आणि मुख्यमंत्र्यांचे जाहीर कौतुक केले, म्हणून पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. शिस्तीच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण तीस हजार घरांची वाट पाहणाऱ्या बायांना त्यातून काय दिसले असेल? ज्याने काम आणले त्याला घरच्यांनीच शिक्षा केली, एवढेच.

प्रश्न : आम्ही पंचवीस वर्षे इंग्लंडमध्ये आहोत. केअर स्टार्मर यांनी २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४११ जागा मिळवून दिल्या. कामगारांचे जुने बालेकिल्ले परत आले. मग नेता बदलला की मतदार परत येतो, हे सिद्ध झाले ना? (वाचक, लेस्टर)

उत्तर : जागा परत आल्या. बोल्सोव्हर या खाणकामगारांच्या मतदारसंघातून डेनिस स्किनर १९७० पासून निवडून येत होते. तो २०१९ मध्ये हुजूर पक्षाने घेतला होता आणि २०२४ मध्ये मजूर पक्षाला परत मिळाला. हार्टलपूल २०२१ च्या पोटनिवडणुकीत गेले होते, तेही परतले. पण मतांकडे पाहा. २०१९ मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली ज्या पराभवाला ऐतिहासिक म्हटले गेले, त्यात मजूर पक्षाला एक कोटी दोन लाखांच्या वर मते होती. २०२४ च्या महाविजयात ती सत्त्याण्णव लाखांच्या आसपास होती, म्हणजे ३३.७ टक्के. हुजूर पक्षाची मते ४३.६ वरून २३.७ टक्क्यांवर आली, उजव्या रिफॉर्म पक्षाने १४.३ टक्के घेतली, आणि त्या फाटाफुटीतून ४११ जागा पडल्या. सर्वाधिक मते ज्याला त्याला जागा देण्याची तिथली पद्धत आपल्याच पद्धतीसारखी असल्यामुळे हा चमत्कार भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आपले वडील हत्यारे घडवणारे कारागीर होते, हे स्टार्मर यांनी प्रचारात इतक्या वेळा सांगितले की प्रेक्षक हसू लागले. ते खरे होते, तरी हसले. बापाच्या हातावरचे घट्टे मुलाला मतांत वटवता येत नाहीत. सत्तेवर येताच त्यांच्या सरकारने बहुसंख्य वृद्धांचे हिवाळ्यातील इंधन अनुदान बंद केले. पुढच्या वर्षी बरेचसे परत दिले, पण तोवर मे २०२५ मध्ये रन्कॉर्न आणि हेल्स्बीची पोटनिवडणूक रिफॉर्म पक्षाने अवघ्या ६ मतांनी जिंकली होती.

मला तुलना करायची झाली तर ती स्टार्मर यांच्याशी न करता १९८४ शी करावीशी वाटते. ब्रिटनमधील खाणकामगारांचा वर्षभराचा संप मार्च १९८४ मध्ये सुरू झाला; मुंबईचा त्याआधी दोन वर्षे. दोन्ही हरले, आणि दोन्हींनंतर उद्योगच उठला. खाणीबरोबर युनियनची शाखा, कामगारांचा क्लब, बँड हे सगळे गेले, जसा गिरणीबरोबर खानावळीचा आणि गेटसभेचा शेवट झाला. त्या गावांत जन्मलेला तिशीचा मुलगा आता गोदामात खोकी उचलतो. त्याच्या आजोबांना मजूर पक्षाला मत द्या असे कोणी सांगावे लागत नसे, त्याला सांगायला कोणी येतच नाही. २०२४ मध्ये पक्षाने त्याच्याकडून घेतले ते हुजूर पक्षाविरुद्धचे मत होते, आणि असे मत तो पुढच्या खेपेला मजूर पक्षाविरुद्धही देऊ शकतो.

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. आमच्या तालुक्यात आम्ही सगळ्याजणी लाल झेंड्याखाली संप करतो, आझाद मैदानात थंडीत झोपलो आहोत. मतदानाला मात्र मी दुसऱ्याच चिन्हाचे बटण दाबले, आणि माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. युनियनच्या बाई त्यावरून आमच्याशी नीट बोलत नाहीत. आम्ही गद्दार ठरतो का? (एक ताई, नाशिक जिल्हा)

उत्तर : नाही. आधी एक तपासा की, आपल्या यंत्रावर विळा-हातोडा होता का? २०२४ मध्ये मार्क्सवादी पक्षाने महाराष्ट्रात मोजक्याच जागा लढवल्या. बहुतेक आशाताईंना हवे असते तरी ते बटण दाबता आले नसते. आघाडीत मागच्या बाकावर बसून उरलेली जागा घ्यायची आणि कामगार आपल्याला मत देत नाहीत म्हणायचे, हे काही खरे नाही.

जिथे बटण होते तिथेही गोष्ट सोपी नाही. आपल्याच जिल्ह्यातील कळवणचे याच पक्षाचे तेव्हाचे आमदार जे. पी. गावित २०१८ च्या मार्चमध्ये शेतकऱ्यांचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला घेऊन गेले. पायाला फोड आलेल्या आदिवासी बायांची छायाचित्रे देशभर छापून आली, मुंबईकरांनी रात्री रस्त्यावर येऊन त्यांना पाणी आणि चपला दिल्या. पुढच्याच वर्षी गावित विधानसभेला पडले. त्याच निवडणुकीत डहाणूहून त्याच पक्षाचे विनोद निकोले निवडून आले आणि २०२४ मध्ये पुन्हा आले. दोन्हीकडे आदिवासी मतदार, दोन्हीकडे वनजमिनीचा प्रश्न, दोन्हीकडे किसान सभा. फरक म्हणाल तर २०१९ मध्ये डहाणूत राष्ट्रवादीने त्यांच्यासाठी जागा सोडली होती आणि कळवणमध्ये राष्ट्रवादीचाच उमेदवार समोर होता. शिवाय डहाणू-तलासरीकडे १९४५ च्या वारली उठावापासून घराघरात लाल झेंडा आहे. तिथे वनदाव्याचा कागद भरायला, रेशनकार्डाला, भांडण मिटवायला माणसे त्याच कचेरीत जातात. गिरणगावात कृष्णा देसाई जे एकट्याने करू पाहत होते, ते तिथे तीन पिढ्या चालले आहे.

आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. गावात आपण आशाताई एकट्या असता. गरोदर बाईला रात्री दवाखान्यात न्यायला गाडी हवी असते तेव्हा आपण सरपंचाला फोन करता, युनियनच्या बाईंना नाही, कारण त्या तालुक्याला असतात. ज्याच्या गाडीतून वर्षभर माणसे नेली, त्याने मत मागितले तर नाही कसे म्हणायचे, ही अडचण मी समजू शकतो. वर घरात लाडकी बहीण योजनेचा दीड हजारांचा हप्ता येत असेल तर तोही बोलतोच.

बाईंना मात्र एवढे जरूर सांगा की, आपली वर्गणी भरलेली आहे, संपाच्या प्रत्येक दिवशी आपण हजर होता, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याच्या वाट्याच्या मानधनात जी पाच हजारांची वाढ झाली, ती त्या हजेरीमुळे झाली, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. त्यांना रागवायचेच असेल तर ते नंतर होईल. आधी त्यांनी सांगावे की, जिल्हा परिषदेला आपल्या गटातून लाल झेंड्याचा उमेदवार असणार आहे की नाही. आणि असणार असेल, तर ती आशांपैकीच एखादी का असू नये.